वृद्धाश्रमातील अखेरची घटका

श्वास थांबला की सर्व संपले, हे सत्य मानवजातीने हजारो वर्षे निमूटपणे स्वीकारले होते. घरातली माणसे भोवती जमत, तोंडात पाण्याचे दोन थेंब पडत, कोणीतरी धावत जाऊन धर्मगुरूंना घेऊन येई आणि रोझरीला आरंभ होई. मरणासन्नांसाठी ख्रिस्तसभेने रचलेल्या प्रार्थना पाहिल्या तर त्या शेवटच्या श्वासापर्यंत सोबत करतात आणि तो थांबताच आत्म्याला निरोप देतात. श्वास थांबणे आणि निरोप देणे या दोहोंच्या मध्ये माणसाने आणखी काही करावयाचे असते, असे त्या प्रार्थनांच्या रचनाकारांच्या मनातही आले नसावे.

हे 'मधले काही' १९६० साली आले. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी, जॉन्स हॉपकिन्स इस्पितळात कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर या तिघांनी त्या वर्षीच्या जुलै महिन्यात एक निबंध प्रसिद्ध केला. बंद पडलेल्या हृदयाला छाती न उघडता, वरून तळहातांनी दाबून, काही काळ रक्त खेळवीत ठेवता येते, असे त्यांनी दाखवून दिले. या तिघांतील कौवेनहोवेन हे डॉक्टर नव्हते, विजेचे अभियंते होते, ही गंमत येथे नोंदवून ठेवतो. त्यापूर्वीच्या काही वर्षांत पीटर साफर यांनी तोंडाने तोंडात श्वास भरण्याची रीत शास्त्रीय कसोटीवर सिद्ध केली होतीच. या दोन रीतींच्या मीलनातून आज ज्याला 'सीपीआर' म्हणतात तो उपचार जन्मास आला. त्याला यंत्र लागत नाही, इस्पितळ लागत नाही. दोन हात आणि थोडे शिक्षण पुरते. म्हणूनच त्याने मृत्यूचे रूप पालटले. पूर्वी मृत्यू ही घडणारी घटना होती. आता तिच्या उंबरठ्यावर कोणीतरी निर्णय घ्यावा लागतो, आणि तो घेण्यास फार तर चार-पाच मिनिटे मिळतात; कारण प्राणवायूवाचून मेंदूला त्याहून अधिक काळ तग धरता येत नाही.

हा निर्णय कोणी घ्यावयाचा? पाण्यातून बाहेर काढलेल्या मुलाच्या किंवा विजेचा धक्का बसलेल्या तरुणाच्या बाबतीत हा प्रश्न उद्भवतच नाही. तेथे प्रयत्न करणे हेच कर्तव्य होय. परंतु नव्वदीला टेकलेली, अनेक व्याधींनी जर्जर झालेली आजी वृद्धाश्रमाच्या खाटेवर रात्री दोन वाजता निश्चेष्ट आढळते तेव्हा काय करावयाचे? मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, दोन इंचांहून थोडे अधिक खोल छाती दाबावी लागते. म्हातारपणी ठिसूळ झालेल्या बरगड्या त्यात बहुधा मोडतात. अशा जर्जर अवस्थेतून परत येऊन पूर्ववत होणाऱ्यांची संख्या अत्यल्प असते, हे वैद्यकाचे निर्विवाद मत आहे. आणि त्या क्षणी तेथे डॉक्टर नसतो, मुलगा नसतो, धर्मगुरू नसतात. असते ती रात्रपाळीची मावशी किंवा एखादी धर्मभगिनी.

या प्रश्नाचे अत्यंत बोचरे रूप जगाने २०१३ च्या फेब्रुवारीत पाहिले. कॅलिफोर्निया राज्यातील बेकर्सफील्ड येथे ज्येष्ठांच्या एका निवासात ८७ वर्षांच्या एक बाई भोजनगृहात कोसळल्या. तेथील कर्मचारी महिलेने तातडीच्या मदतीसाठी दूरध्वनी केला. पलीकडची बाई विनवू लागली, छाती दाबायला सुरुवात करा, तुम्हाला जमत नसेल तर रस्त्यावरच्या एखाद्या वाटसरूला बोलवा. उत्तर आले की आमच्या संस्थेच्या नियमाप्रमाणे आम्हाला तसे करता येत नाही. त्या बाई वारल्या. या संभाषणाचे ध्वनिमुद्रण प्रसृत झाले आणि सर्वत्र संतापाची लाट उसळली. प्रथम संस्थेने नियमाचे पालन झाले असे सांगितले, पुढे कर्मचाऱ्याने नियमाचा अर्थ चुकीचा लावला असा खुलासा केला. आणि मग कुटुंबाने असे निवेदन केले की आईला नैसर्गिक मृत्यूच हवा होता, आमची कोणाविरुद्धही तक्रार नाही.

येथे वाचकांनी क्षणभर थांबावे. कुटुंबाच्या शब्दावर विश्वास ठेवला तर घडले ते त्या वृद्धेच्या इच्छेनुसारच घडले. तरीही ते ऐकताना अंगावर काटा येतो. याचे कारण आम्हाला असे वाटते की तिची इच्छा त्या भोजनगृहात कोणालाच ठाऊक नव्हती. छाती दाबू नये असा कोणताही लेख संस्थेच्या दप्तरी नव्हता. त्या कर्मचाऱ्याने वृद्धेच्या इच्छेचा मान राखला नाही, तिने कार्यालयाच्या नियमाचा मान राखला. बाहेरून पाहता दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतात, दोहोंतही हात आवरलेलाच असतो. त्यांच्यामधील भेद मात्र ख्रिस्तसभेच्या नीतिशास्त्राने चार-साडेचार शतकांपासून उलगडत आणला आहे.

सोळाव्या शतकातील स्पेनमध्ये सालामांका विद्यापीठात फ्रान्सिस्को दे व्हितोरिया हे डोमिनिकन धर्मपंडित शिकवीत असत. जीव राखण्याचे कर्तव्य कोठपर्यंत, हा प्रश्न त्यांनी खाण्यापिण्याच्या साध्या उदाहरणाने सोडविला. वैद्याने सांगितले की कोंबडी आणि तितर खाल्ल्यास आणखी वीस वर्षे जगाल, तरीही रोग्याने अंडी आणि सर्वसामान्य अन्न खाऊन राहणे हे पाप नव्हे. देवाने दिलेला जीव सांभाळावा, पण त्यासाठी दुर्मिळ आणि महागड्या गोष्टींच्या मागे धावण्याचे बंधन नाही. पुढे डोमिंगो बान्येझ यांनी याच विचाराला 'सामान्य' आणि 'असामान्य' साधने अशी नावे दिली. सतराव्या शतकात येशूसंघीय कार्डिनल हुआन दे लुगो यांनी दिलेले उदाहरण तर विलक्षण मार्मिक आहे. एक मनुष्य आगीने वेढला गेला आहे. त्याच्यापाशी थोडे पाणी आहे. त्याने ज्वाळा क्षणभर मागे हटतील, आग मात्र विझणार नाही. ते पाणी टाकण्यास तो बांधलेला आहे काय? दे लुगो म्हणतात, नाही. पाणी आग विझविण्याइतके असते तर मात्र तो बांधला गेला असता. छाती दाबण्याची रीत निघण्यापूर्वी तीनशे वर्षे तिच्याविषयीचा निवाडा जणू लिहून ठेवलेला होता.

परंतु यंत्रे आली आणि जुनी उदाहरणे अपुरी वाटू लागली. १९५२ साली कोपनहेगन शहरात पोलिओची भयंकर साथ पसरली. तेथे शेकडो वैद्यकीय विद्यार्थ्यांनी आळीपाळीने रबरी पिशव्या हातांनी दाबून रोग्यांचे श्वास चालविले. त्यातून कृत्रिम श्वासाची यंत्रे युरोपभर रुजली आणि त्यांच्याबरोबर एक नवा प्राणी जन्मास आला: शुद्ध हरपलेला, परत येण्याची आशा नसलेला, तरीही श्वास चालू असलेला रोगी. ऑस्ट्रियातील इन्सब्रुक विद्यापीठाचे भूलतज्ज्ञ ब्रुनो हाइड यांना या रोग्यांनी अस्वस्थ केले. त्यांनी आपले प्रश्न थेट पोप महोदय बारावे पायस यांच्यापुढे ठेवले. आशा संपलेल्या रोग्यालाही यंत्र लावलेच पाहिजे काय? घरच्यांनी विनविले तर ते काढता येईल काय? आणि मरण नेमके कोणत्या क्षणी झाले असे मानावे?

२४ नोव्हेंबर १९५७ रोजी पोप महोदयांनी दिलेले उत्तर आमच्या धर्मग्रामांतून फारसे वाचले गेले नाही, याची आम्हाला खंत वाटते. त्यांचा आशय असा: जीव आणि आरोग्य राखण्यासाठी आवश्यक ते उपचार घेणे हे कर्तव्य आहे, पण हे बंधन सामान्य साधनांपुरते आहे. आणि सामान्य कोणते, ते व्यक्ती, स्थळ, काळ व संस्कृती पाहून ठरते. ज्याने स्वतःवर वा इतरांवर असह्य भार पडत नाही ते सामान्य. वैद्याला रोग्यावर स्वतंत्र अधिकार नाही. रोग्याने स्पष्टपणे वा गृहीतपणे दिलेल्या संमतीपुरताच त्याचा अधिकार. कुटुंबाचा अधिकारही रोग्याच्या इच्छेवरच उभा असतो, आणि कुटुंब स्वतः सामान्य साधनांपुरतेच बांधलेले असते. मृत्यूचा क्षण ठरविण्याचे काम त्यांनी वैद्यांवर सोपविले. एक बारकावा मात्र त्यांनी विसरू दिला नाही: रोग्याला अखेरचा तैलाभ्यंग अजून मिळाला नसेल तर तो मिळेपर्यंत श्वास चालू ठेवण्याचा यत्न करावा. याच वर्षाच्या फेब्रुवारीत त्यांनी दुसऱ्या एका भाषणात सांगितले होते की तीव्र वेदना शमविण्यासाठी गुंगीची औषधे देण्यास हरकत नाही, मग त्यांनी आयुष्य थोडे उणे झाले तरीही. मात्र हेतू वेदनाशमनाचाच हवा.

१९८० चे सुखमरणाविषयीचे जाहीरपत्र, १९९५ चे 'एव्हांजेलियुम व्हिते' हे विश्वपत्र, कॅथॉलिक श्रद्धाग्रंथातील परिच्छेद या सर्वांनी हाच धागा पुढे नेला. २००७ साली श्रद्धाविषयक मंडळाने स्पष्ट केले की अन्नपाणी, मग ते नळीने का असेना, हे तत्त्वतः सामान्य साधन आहे. आणि २०२० च्या 'सामारितानुस बोनुस' या पत्राने पुनरुज्जीवन न करण्याच्या लेखी आदेशांचा नाव घेऊन उल्लेख केला. रोग्याला व कुटुंबाला न विचारताच असे आदेश लावले जातात, अशी तक्रार तेथे आहे. ही तक्रार काल्पनिक नव्हती. त्याच वर्षी करोनाच्या पहिल्या लाटेत इंग्लंडमधील काही वृद्धनिवासांत सर्वांना सरसकट असे आदेश लावले गेल्याच्या तक्रारी आल्या, आणि तेथील आरोग्यसेवेवर देखरेख ठेवणाऱ्या आयोगाने २०२१ च्या अहवालात त्याविषयी गंभीर चिंता व्यक्त केली.

हे झाले युरोपचे. आमच्या भूमीत हा प्रश्न वेगळ्या वेषात आला. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी आचार्य विनोबा भावे यांनी पवनारच्या आश्रमात देह ठेवला. त्याच महिन्याच्या ५ तारखेस त्यांना हृदयविकाराचा झटका आला होता. उपचार सुरू झाले. पण थोड्याच दिवसांत त्यांनी औषध, अन्न आणि पाणी तिन्ही नाकारले. त्यांचेही वय ८७ होते. विदर्भाच्या मातीत शांतपणे घडलेल्या या मरणाविषयी आम्हाला नितांत आदर आहे; तरी ख्रिस्ती नीतीच्या दृष्टीने त्यात दोन भिन्न गोष्टी एकत्र आहेत. क्षीण देहाने औषधाचा भार नाकारणे एक, आणि मरण यावे म्हणून पाणी नाकारणे दुसरे. पहिल्याला ख्रिस्तसभेची मुभा आहे, दुसऱ्याला नाही. मात्र एका बाबतीत पवनार बेकर्सफील्डच्या फार पुढे होते. तेथे सेवा करणाऱ्या प्रत्येकाला त्या वृद्धाची इच्छा पुरेपूर ठाऊक होती आणि कोणीही त्यांना एकटे सोडले नाही.

सेवकांच्या कर्तव्याचा विचार करताना मुंबईच्या केईएम इस्पितळातील अरुणा शानभाग यांचे नाव टाळता येत नाही. कर्नाटकातील हळदीपूरहून परिचारिका होण्यासाठी आलेल्या या तरुणीवर २७ नोव्हेंबर १९७३ च्या रात्री इस्पितळातच एका सफाई कामगाराने पाशवी हल्ला केला. गळा आवळला गेल्याने मेंदूचा प्राणवायू तुटला आणि ती कधीच पूर्ववत शुद्धीवर आली नाही. तिच्या सहकारी परिचारिकांनी तिला वॉर्ड क्रमांक ४ मध्ये ठेवून घेतले. त्या निवृत्त झाल्या, त्यांच्या जागी आलेल्यांनी तो वारसा घेतला. अरुणेला धडधाकट असताना ज्यांनी कधी पाहिलेही नव्हते, अशा मुलीही तिची वेणीफणी करू लागल्या. तारुण्यात आलेली अरुणा त्या खोलीत वृद्ध झाली. त्या अर्थाने ती खोली हाच तिचा वृद्धाश्रम होता.

लेखिका पिंकी विराणी यांनी तिच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला, की तिला भरविणे थांबवावे व शांतपणे जाऊ द्यावे. न्यायालयाने मुंबईच्या तीन डॉक्टरांची समिती तपासणीसाठी पाठविली. इतक्या वर्षांत तिच्या अंगावर एकही शय्याव्रण झाला नाही, ही गोष्ट न्यायमूर्तींनी कौतुकाने नोंदविली. ज्यांनी अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा केली आहे, त्यांनाच या एका वाक्याचे मोल कळेल: दर दोन तासांनी कूस बदलणे, ओल टिपणे, चादरीची सुरकुती काढणे, आणि हे सदतीस वर्षे. तिला मासे आवडतात, आवडीचे अन्न दिले की तिच्या चेहऱ्यावर दिसते, असे सेवा करणाऱ्यांचे सांगणे होते. व्हितोरियांनी कोंबडी-तितराचे बंधन नाही असे म्हटले ते खरेच. पण बंधन नसतानाही कोणी आवडीने माशाचा घास करून भरवीत होते. नीतिशास्त्र किमान काय ते सांगते, पुढचे अंतर प्रेमाला चालावे लागते.

७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने तो अर्ज फेटाळला, आणि फेटाळताना एक अपूर्व गोष्ट केली. अरुणेच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा, तर रात्रंदिवस तिची सेवा करणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा, असे न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू व ग्यानसुधा मिश्रा यांनी ठरविले. पगारी सेवकांना न्यायालयाने आप्ताचे स्थान दिले. पण त्याच वेळी त्यांना एकट्याने निर्णय घेण्याची मुभा मात्र दिली नाही. त्यांचे मत पुढे कधी बदलले तर त्यांनी मुंबई उच्च न्यायालयाकडे जावे, आणि जीवनरक्षक उपचार थांबविण्याची कोणतीही विनंती उच्च न्यायालयाच्या अनुमतीनेच अमलात यावी, असा दंडक घातला. अरुणा १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने गेली. अखेरच्या दिवसांत तिला व्हेंटिलेटरही लावण्यात आला होता.

त्यानंतर कायदा वेगाने पुढे गेला. ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क जगण्याच्या हक्कातच अंतर्भूत आहे असे ठरवून 'अग्रिम वैद्यकीय निर्देश', म्हणजे लोक ज्याला जिवंतपणीचे वैद्यकीय इच्छापत्र म्हणतात, त्याला मान्यता दिली. कार्यपद्धती मात्र इतकी किचकट होती की ते पत्र न्यायदंडाधिकाऱ्यांच्या प्रतिस्वाक्षरीवाचून पुरे होत नसे. २४ जानेवारी २०२३ च्या आदेशाने ती सुलभ झाली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर ते करता येते. त्यात आपल्या वतीने निर्णय घेणाऱ्या आप्तांची नावे द्यावयाची. स्थानिक स्वराज्य संस्थेतील नेमलेल्या अधिकाऱ्याकडे एक प्रत सुपूर्द करावयाची. पुढे वेळ आल्यावर इस्पितळातील तीन डॉक्टरांचे प्राथमिक मंडळ आणि तिघांचेच दुसरे मंडळ, ज्यातील एक डॉक्टर जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने सुचविलेला, अशी दुहेरी तपासणी व्हावयाची. असे अधिकारी नेमल्याचे महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयास सांगितले. गोव्यात त्याच वर्षी ३१ मे रोजी न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचे इच्छापत्र नोंदवून पायंडा पाडला. तत्पूर्वी २०२० मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 'पुनरुज्जीवनाचा प्रयत्न करू नये' या आदेशाविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली होती. त्यांतील सर्वांत मोलाचे सूत्र असे, की हा आदेश फक्त छाती दाबणे आणि कृत्रिम श्वास यांपुरता आहे. बाकीची शुश्रूषा व उपचार त्यामुळे थांबत नाहीत.

आता हे सारे वाशिम जिल्ह्यात आणून पाहावे. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा अमरावती धर्मप्रांतात येतो. येथील कॅथॉलिक कुटुंबे संख्येने थोडी आणि विखुरलेली. मुलेबाळे नोकरीसाठी पुण्या-मुंबईकडे गेलेली. २०१८ मध्ये नीती आयोगाने देशातील मागे राहिलेले जे जिल्हे 'आकांक्षित' म्हणून निवडले, त्यांत वाशिमचे नाव होते. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये आले. त्याआधी मोठ्या उपचारासाठी अकोल्याची वाट धरणे हाच रिवाज, आणि वाशिमहून अकोला सुमारे ८० किलोमीटर. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून महाराष्ट्रभर धावते, ही मोठीच सोय झाली. परंतु मानोरा वा रिसोडच्या एखाद्या गावी ती चार मिनिटांत कशी पोहोचावी?

न्यायालयाची दुहेरी मंडळे इस्पितळ गृहीत धरतात. इन्सब्रुकच्या डॉक्टरांचा प्रश्न यंत्रांच्या सुकाळातून आला होता. आमच्याकडे भीती आहे ती उलट बाजूची. 'आता वय झाले', 'कशाला उगाच त्रास द्यायचा', ही वाक्ये कधी करुणेतून येतात, कधी खर्चाच्या हिशेबातून, कधी केवळ रात्री गाडी मिळत नाही म्हणून. कानाला मात्र ती सारखीच लागतात. व्यक्ती, स्थळ आणि काळ पाहून सामान्य साधन ठरवावे, असे पोप पायस यांनी म्हटले ते वाशिमच्या गरिबाला दिलासा देणारे आहे. कर्ज काढून नागपूरच्या अतिदक्षता विभागात पंधरा दिवस काढले नाहीत म्हणून कोणताही मुलगा पापी ठरत नाही. परंतु त्याच वाक्याचा आडोसा घेऊन आश्रमाने साधे शिक्षण आणि साधी औषधेही न ठेवणे, हा त्या शिकवणीचा विपर्यास होईल.

याविषयी कटू असा एक धडा आमच्याच घरातला आहे. मदर तेरेसांनी १९५२ साली कालीघाटला 'निर्मल हृदय' उघडले आणि रस्त्यावर मरणाऱ्यांना माणसासारखे मरण दिले. १९९४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाचे संपादक रॉबिन फॉक्स तेथे जाऊन आले. त्यांनी तेथील मायेची वाखाणणी केली. पण बरा होऊ शकणारा कोण आणि मरणपंथास लागलेला कोण, हे वेळच्या वेळी ओळखण्याची व्यवस्था तेथे नाही आणि प्रभावी वेदनाशामके नाहीत, असेही लिहिले. पुष्कळांना ते लेखन झोंबले. आम्हाला वाटते, ते झोंबले तरी ऐकावयास हवे होते. उलट बाजूस, १९८६ साली डॉ. एल. जे. डिसोझा यांनी वांद्र्याला माउंट मेरीजवळ 'शांती आवेदना सदन' सुरू केले तेव्हा अखेरच्या कर्करोग्यांना प्रार्थना आणि वेदनाशमन या दोन्ही गोष्टी एकाच छताखाली मिळाल्या. ही दोन्ही उदाहरणे डोळ्यांपुढे ठेवूनच छोट्या गावच्या आश्रमाने आपले नियम करावेत.

मावशीने काय करावे, हे तिला रात्री दोन वाजता सुचणार नाही. ते दिवसाउजेडी ठरलेले असावे लागते. प्रत्येक आजी-आजोबांशी, ते शुद्धीत आणि बोलते असताना, आश्रमाच्या डॉक्टरांनी व शक्य तर मुलांनी बसून बोलावे. ज्यांच्याविषयी असे काही ठरलेले नाही, त्यांच्या बाबतीत छाती दाबणे सुरू करावे आणि १०८ ला कळवावे. शंका असेल तेथे जीवनाच्या बाजूने झुकावे. ते करता येण्यासाठी सीपीआरचे शिक्षण सर्वांना हवे, स्वयंपाकघरातल्या बाईपासून रखवालदारापर्यंत. ज्यांच्याविषयी डॉक्टरांच्या सहीने 'प्रयत्न करू नये' असे लिहिलेले आहे, त्यांच्याजवळ बसावे, हात धरावा, ओठ ओले करावेत, प्रार्थना म्हणावी; ते काम सीपीआरपेक्षा सोपे असते असे कोणी समजू नये. आणि असा कागद असला तरी घशात अडकलेला घास काढलाच पाहिजे. मधुमेहाच्या रोग्याची साखर उतरून शुद्ध हरपली असेल तर ती तपासून उपाय केलाच पाहिजे. मोडलेल्या हाडावर आणि न्यूमोनियावर औषध दिलेच पाहिजे. 'कागद आहे ना, मग राहू द्या' हे वाक्य आश्रमात उच्चारले जाऊ लागले की समजावे, कागदाचा दुरुपयोग सुरू झाला.

'लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर' या संघाची स्थापना जान ज्युगाँ यांनी १८३९ मध्ये फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात केली. अंधेरीच्या महाकाली लेणी रस्त्यावरील त्यांचा आश्रम मुंबईकर वाचकांना परिचित आहे. मरणोन्मुख वृद्धापाशी रात्रंदिवस आळीपाळीने कोणीतरी बसून असावे, अशी त्या संघाची प्रथा आहे. वाशिमच्या एखाद्या आश्रमात चार सेविका असतील तर हे नेहमी कसे जमावे, असे कोणी म्हणेल. येथेच धर्मग्रामाचे काम सुरू होते. तरुणांची संघटना, महिला मंडळ, शेजारचे छोटे ख्रिस्ती समूह यांनी अशा रात्री वाटून घ्याव्यात. तैलाभ्यंग हा संस्कार केवळ शेवटच्या घटकेसाठी नाही, आजार वा वार्धक्य यांमुळे मृत्यूचा धोका जाणवू लागताच तो घ्यावा, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्येच सांगितले. जेथे धर्मगुरूंना दुसऱ्या तालुक्यातून यावे लागते तेथे तर तो आधीच द्यावा. मग अखेरच्या क्षणी धर्मगुरूंच्या वाटेकडे डोळे लावून छाती दाबीत राहण्याची पाळी येणार नाही.

अलीकडच्या काळातील दोन परमगुरूंची मरणे या संदर्भात आठवतात. २००५ च्या मार्च अखेरीस पोप जॉन पॉल दुसरे यांची प्रकृती ढासळली तेव्हा त्यांना पुन्हा जेमेली इस्पितळात नेण्यात आले नाही. २ एप्रिलला ते आपल्या खोलीतच गेले. २०२५ मध्ये उलट घडले. २८ फेब्रुवारीला पोप फ्रान्सिस यांचा श्वास कोंडला. उपचार थांबवून त्यांना जाऊ द्यावे की अवयवांना धोका पत्करून सर्व उपाय करावेत, असा पेच पडला, असे त्यांचे शल्यचिकित्सक सेर्जिओ आल्फिएरी यांनी नंतर सांगितले. पोपमहोदयांनी वैद्यकीय निर्णय आपले व्यक्तिगत परिचारक मासिमिलियानो स्त्रापेत्ती यांच्यावर सोपविले होते. आणि ते म्हणाले, सर्व प्रयत्न करा, हार मानू नका. पोपमहोदय त्या वेळी वाचले, घरी परतले, पास्काच्या रविवारी लोकांना दिसले आणि दुसऱ्या दिवशी, २१ एप्रिलला, सांता मार्ता निवासात निवर्तले. एकदा हात आवरला गेला, एकदा चालविला गेला. दोन्ही वेळी जवळच्या माणसांना रोग्याचे मन ठाऊक होते.

आमच्या वाचक कुटुंबांपैकी ज्यांचे आईवडील वा मावशी-आत्या एखाद्या आश्रमात आहेत, त्यांना व्यवहाराची एक गोष्ट सांगावीशी वाटते. नोटरीसमोर केलेले इच्छापत्र बहुधा थोरल्या मुलाच्या पुण्याच्या घरी, लोखंडी कपाटात, जमिनीच्या कागदांखाली ठेवले जाते. तेथे ते निरुपयोगी आहे. त्याची एक प्रत नगरपरिषदेच्या किंवा पंचायतीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, एक डॉक्टरांकडे आणि एक आश्रमाच्या केसपेपरला टाचून, रात्रपाळीच्या टेबलाच्या पहिल्या खणात असावी. त्यावर डॉक्टरांचा आणि मुलांचा दूरध्वनी क्रमांक मोठ्या अक्षरात मराठीत लिहिलेला असावा. आणि दर वर्षी, सर्व मृतांच्या स्मरणदिनी कबरस्तानातून परतताना, आश्रमात जाऊन ती प्रत आजी-आजोबांना पुन्हा वाचून दाखवावी. त्यांचे मन बदलले असेल तर नवी करावी.